पाहणीबहाद्दर

नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन अकरा वर्षे लोटली तरी नांदेडातल्या आमच्या गल्लीत ज्यांना अद्याप कोणी नावाने हाक मारीत नाही, त्या नायबसाहेबांनी आजवर इतक्या जुन्या वस्तू विकत घेण्याच्या इराद्याने पाहिल्या आहेत की, त्यांतील दशांश जरी घेतल्या असत्या तरी त्यांना राहते घर सोडून एखाद्या गोदामात बिऱ्हाड करावे लागले असते; पण त्यांनी एकही घेतली नाही, आणि ते व वहिनी त्याच तीन खोल्यांत सुखाने नांदत आहेत. तालुका कचेरीच्या निर्लेखित जीपचा लिलाव, बंद पडलेल्या जिनिंगमधले ऑइल इंजिन, कोणा वकिलाच्या पश्चात निघालेली शिसवी कपाटे, एक हार्मोनियम (नायबसाहेबांना सूर कळत नाहीत, पण भात्याला भोक आहे, हे त्यांनी मेणबत्तीची ज्योत धरून सिद्ध केले), या प्रत्येकाची स्वतंत्र नस्ती त्यांच्या कपाटात लाल रुमालात बांधून ठेवलेली आहे. ज्याची उमेदवारी १९५४-५५च्या खासरा पाहणीपत्रकांची पाने उलटण्यात आणि इनामदारांच्या मुंतखबांतील कज्जे निस्तरण्यात गेली, त्या माणसाच्या लेखी पाहणी हे स्वयंपूर्ण कर्म आहे. खरेदी हा तिच्यानंतर येणारा एक गौण आणि बहुधा टाळता येण्याजोगा विधी.

अशा पुरुषाच्या मनात चाकांवरच्या घराची वासना उत्पन्न झाली, त्याला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याची बातमी, जी त्यांनी कापून, तारीख घालून दफ्तरी दाखल केली. दुसरी आमच्या गावचीच आहे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली जेथे देहावसान झाले, त्या हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून ट्रकने येणारे जथे नांदेडकरांना नवे नाहीत. हौद्यात फळ्यांचा माळा ठोकलेला, माळ्यावर गाद्या अंथरून म्हातारी माणसे निवांत पहुडलेली, खाली कढया, पिठाची पोती आणि गॅसची टाकी, दीड हजारांहून अधिक किलोमीटर चालून आलेला तो संसार पाहून नायबसाहेब एकदा मला म्हणाले, “बघा, यांना कुठं लॉज शोधावं लागतं का?” त्या क्षणी मी विषय बदलायला हवा होता.

लातूरला एका कंत्राटदाराची गाडी विकाऊ असल्याची वर्दी लवकरच आली. २००४ सालची, ज्या जातीच्या गाडीला आपल्याकडे सरसकट ट्रॅव्हलर म्हणतात त्या जातीची. आतली तेरा आसने उपटून तिच्यात मालकाने पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक अतिसंकोची मोरी बसवून घेतली होती. चारधामाचा संकल्प होता. गाडी तुळजापूरला जाऊन आली आणि लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. लातुरात तिला सगळे ‘व्हॅनिटी’ म्हणत. नायबसाहेबांपुढे मात्र पहिल्याच दिवशी एक महसुली पेच उभा राहिला: घर म्हटले तर ही वस्तू स्थावर, गाडी म्हटले तर जंगम, मग नस्ती कोणत्या शीर्षाखाली उघडावी? दोन दिवसांच्या विचारांती त्यांनी ‘चर निवासस्थान, मौजे लातूर’ असे शीर्षक घातले आणि मला पंच म्हणून बरोबर घेतले. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि एक कायमच कमी पडतो, याची त्यांना खंत आहे.

नांदेड ते लातूर हा सुमारे एकशे चाळीस किलोमीटरचा प्रवास एस.टी.ने झाला. पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट असल्यामुळे अशा पाहण्या सरकारी धोरणाला धरूनच आहेत, असे त्यांचे मत आहे. लोहा मागे पडून माळेगाव आले की, खंडोबाच्या यात्रेतल्या घोड्यांच्या बाजाराची आठवण त्यांना होणारच. घोड्याचे दात मोजावे, अंगावरचे भोवरे बघावे, त्याला उभा बघू नये, चालवून बघावा. आणि विकणाऱ्याने जे आपण होऊन सांगितले ते सोडून उरलेले सगळे विचारावे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलाला लावण्याची हीच कसोटी मोटारीला लावण्यात त्यांना कोणतीही विसंगती दिसत नव्हती, आणि खरे सांगायचे तर पुढे जे घडले त्यावरून ती विसंगती मलाही दिसेनाशी झाली.

कारण त्यांनी खरोखरच प्रथम दात पाहिले. “टायर एकदम नवे आहेत, साहेब, चाललेतच कुठं,” असे मालक सांगत असतानाच नायबसाहेब धोतर सावरून चाकापाशी उकिडवे बसले, बॅटरीच्या उजेडात टायरच्या कुशीवरचे चार आकडे त्यांनी वाचले आणि मला नोंद सांगितली: ३२१४. म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर चालण्याने झिजते तसे उभे राहूनही म्हातारे होते. नक्षी कोरी आणि कूस भेगाळलेली. “जनावर जुळलेलं आहे,” त्यांनी शेरा मारला. मग रुमालात बांधलेले लोहचुंबक निघाले. पत्र्यावरून ते फिरत गेले; जेथे पत्रा तेथे चिकटे आणि जेथे रंगाखाली पुट्टी भरलेली तेथे निसटून हातात येई. डाव्या बाजूच्या खालच्या अंगाला ते सलग दीड हात कोठेच चिकटले नाही. मालक आकाशाकडे पाहू लागले.

आत शिरल्यावर त्यांनी मोजणी सुरू केली, तीही फुटात नव्हे. तेहतीस फुटांची साखळी आणि साखळीचे सोळा आणे हे ज्याच्या हाडी खिळले आहे, त्याने पलंगाला टेप लावून “तीन आणे” असे पुकारले तेव्हा मालकाला ती किंमत वाटून त्यांचा चेहरा क्षणभर कावराबावरा झाला. (तीन आणे म्हणजे सहा फूट सव्वादोन इंच, पलंग चांगला लांब होता.) आतले एकूण क्षेत्र गुंठ्याचा बारावा हिस्सा भरले. मोरीजवळच्या प्लायवूडला त्यांनी अंगठा लावला आणि तो बिस्किटासारखा आत गेला; छताच्या झरोक्याभोवती चहाच्या रंगाची वर्तुळे एकात एक पडलेली होती. मागचे पाटे बसलेले होते, कारण दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलोचा एक अदृश्य प्रवासी मागच्या धुरीवर कायमचा बसतो, हे टाकी बसवणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते.

शेवटी इंजिन. नायबसाहेबांनी चावी फिरवू देण्याआधी तळहात इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि तो तसाच ठेवून मालकाकडे पाहिले. झाकण कोमट होते. आम्ही येण्यापूर्वीच गाडी कोणी तरी सुरू करून ठेवली होती. गार डिझेल इंजिन कसे उठते, उठताना निळा धूर सोडते का, म्हणजे ऑइल पिते का, की पांढरा सोडून पाण्याची चुगली करते, ही खरी परीक्षा तर या कोमटपणाने हुकली. तेथला मिस्त्री वैतागून म्हणाला, “गार इंजिन बघायचं तर पहाटं चारला या, साहेब. गाडी काय पळून जाऊ लाली का?”

तो उपहास होता. नायबसाहेबांनी तो कार्यालयीन निमंत्रण म्हणून स्वीकारला. पुढच्या आठवड्यात आम्ही लातुरात मुक्काम केला आणि पहाटे चार वाजता मफलर गुंडाळून लिंबाखाली हजर झालो. इंजिन तिसऱ्या फेरीला उठले, निळा धूर थोडा, पांढरा नाही. ऑइलचे झाकण काढून त्यावर तळहात धरला तेव्हा वाफेचा रेटा किंचित लागत होता. नोंद झाली. आणि नोंद झाल्याबरोबर पुढला प्रश्न निघाला, की छत आजही गळते किंवा कसे, याचा निर्णय पावसाखेरीज होणार कसा. पाईपने पाणी मारून दाखवण्याची मालकाची तयारी होती. पण कृत्रिम पुरावा ग्राह्य धरता येत नाही, असे सांगून साहेबांनी प्रकरण पावसाळ्यापर्यंत तहकूब केले. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातुरात पावसाच्या भरवशावर सौदा ठेवणाऱ्या ग्राहकाला काय म्हणावे, हे मालकाला सुचले नाही. त्यांनी आम्हांला चहा पाजला.

दरम्यान कागदपत्रे उघडली. नोंदणीची पंधरा वर्षे २०१९ सालीच संपून पाच वर्षांची मुदतवाढ मिळालेली होती. आम्ही २०२२ सालात होतो, म्हणजे गाडीचा कागदावरचा जीव दोन वर्षे उरला होता. पर्यावरण कर भरलेला होता. परंतु आरसी पुस्तकात अजूनही तेरा आसनेच नांदत होती. गाडीच्या रचनेत असा बदल करायचा तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती मालकाने घेतलेली नव्हती. “पीकपेऱ्यात ज्वारी आणि मौक्यावर ऊस!” नायबसाहेब उद्गारले, आणि त्या उद्गारात निवृत्तीनंतर प्रथमच आनंदाची झाक होती. त्यातच बँकेचा बोजा फिटून चार वर्षे झाली तरी नमुना ३५ देऊन तो कमी केलेला नव्हता. साहेबांनी चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली, छाप घेतली, छापेवर माझी सही घेतली, आणि गाडीच्या मालकी हक्काचा तीस साला शोध व वृत्तपत्रात सात दिवसांचे जाहीर प्रगटन अशा दोन मागण्या लेखी मांडल्या. गाडीचे वय अठरा होते, हे निदर्शनास आणून देण्याचे धैर्य कोणासच झाले नाही.

प्रत्यक्ष चालवून पाहण्याचा दिवस माझ्या स्मरणात कायमचा राहील. मिस्त्री चाकावर, मी शेगडीशेजारच्या बाकावर, आणि नायबसाहेब, झोपेतले हादरे अजमावण्याकरिता, पलंगावर डोळे मिटून उताणे. गाडी गंजगोलाईत आली. १९१७ सालच्या त्या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते फुटतात, आणि “कुठल्या रस्त्यानं घेऊ?” असे मिस्त्रीने विचारले तेव्हा साहेबांनी पडल्यापडल्याच प्रत्येक रस्त्याचे गुणदोष तपासायला घेतले. या रस्त्याला खड्डे, त्याला गर्दी, तिसऱ्याला चढ नाही. मधल्या जगदंबेच्या देवळाला आमची एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. तिसरीला कपाटाचे दार उघडून चार कप आणि एक पोळपाट माझ्या मांडीवर आले. पाचवीला देवळापुढच्या एका आजीने आम्हांला हात जोडले. अखेर डिझेलचा काटा खाली गेल्यामुळे आम्ही ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने परतलो. साहेबांनी नोंद सांगितली: “वळणावर गाडी डावीकडे कलते. उजवीकडचे अजमावता आले नाही.”

किमतीची बोलणी व्हावीत असा मालकाचा आग्रह होता. पावणेपाच लाखांवरून ते चारांवर उतरले होते. नायबसाहेबांनी खांद्यावरचे उपरणे काढले, मालकाचा हात त्याखाली घेतला आणि बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे बोटे दाबून आपला आकडा सांगितला. मालक पुढल्या पिढीचे. त्यांना ती बोटांची भाषा अवगत नव्हती, आणि विचारणे असभ्यपणाचे होईल म्हणून ते गप्प राहिले. साहेबांना वाटले, विचार चालू आहे. तेव्हा दोघे गृहस्थ उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बराच वेळ नुसते बसले.

नांदेडला आल्यावर प्रकरण वहिनींपुढे सादर झाले. त्यांनी नस्ती उघडलीही नाही. “अहो, पाणी भरायचं, गॅस पेटवायचा, भांडी घासायची, पडदे धुवायचे, ते मी इथं करूच लाले न? मग तेच तिथं रस्त्यावर जाऊन कामून करायचं?” या हरकतीवर साहेबांनी “नोंद घेतली” एवढेच लिहिले. माझ्या मते त्या प्रकरणातला एकमेव मुद्देसूद कागद तोच आहे.

जूनमध्ये पाऊस आला, पण आम्ही लातुरात पोचेपर्यंत उघडला. जुलैत आम्ही पोचलो तेव्हा तो लातूर सोडून औशाकडे पडत होता. ऑगस्टात अखेर गाडीत बसलेले असताना छतावर सर आली, आणि झरोक्याच्या कडेने एक थेंब लोंबकळला, बराच वेळ लोंबकळला, आणि पडला नाही. नायबसाहेब त्याच्याकडे टक लावून बसले होते. सर थांबली. “संशयाचा फायदा,” ते म्हणाले; “पण निकाल नाही.”

दसऱ्याच्या आधी गाडी विकली गेली. एका तरुणाने येऊन बाहेरूनच एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली, साडेतीन लाख सांगितले आणि पाऊण तासात इसार टेकवला. आता ती औसा रस्त्याला विटांवर उभी आहे. पलंगाच्या जागी डोशाचा तवा आहे. आम्ही जाऊन खाऊन आलो. डोसा बरा होता. चटणीपेक्षा छताकडे साहेबांचे लक्ष अधिक होते. त्या एका वर्षात गाडी पाहण्यासाठी आमच्या नांदेड-लातूर अशा नऊ खेपा झाल्या, म्हणजे अडीच हजार किलोमीटर. गाडीच्या मीटरवर मागल्या चार वर्षांत अकराशे पडले होते. नस्तीवर शेवटचा शेरा ‘पाहणी अपूर्ण’ असा आहे.

नांदेड, लातूर, फार तर परभणी-हिंगोलीच्या हद्दीत कोणाकडे जुने, चालू स्थितीतले चर निवासस्थान विकाऊ असल्यास कृपया कळवावे. पहाटे चारला गार इंजिन दाखवण्याची तयारी आणि पुढल्या पावसाळ्यापर्यंत थांबण्याची सवड असावी. नायबसाहेब बघायला नक्की येतील, आणि मीही येईन. दुसऱ्या पंचाची सोय मात्र विकणाऱ्याने करावी.