वेळापत्रककार

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून आयोगाच्या परीक्षा देणाऱ्या पोरांत एक तरी वेळापत्रककार असतोच. त्याला आळशी म्हणाल तर पाप लागेल. अभ्यासिकेत सगळ्यांआधी येणारा तोच, खुर्ची पुसून पेनं रंगानुसार ओळीत लावणारा तोच. सातला तो मोबाइल बंद करून सॅकमध्ये टाकतो आणि सव्वासातला तो खरंच बंद आहे ना, हे चालू करून बघतो.

वेळापत्रकासाठी ड्रॉइंग शीट अप्पा बळवंत चौकातूनच आणायची. राज्यशास्त्र हिरवं, इतिहास भगवा, अर्थशास्त्र निळं. गणिताला पेन्सिल, कारण ते खोडावं लागतं. पहाटे साडेपाचपासून रात्री साडेअकरापर्यंतचा दिवस १५-१५ मिनिटांच्या चौकोनांत बसवायचा. दाढीला चौकोन आहे. ‘आकस्मिक’ असाही एक आहे. गावाहून आईने फोन करायचा तो त्यातच. असं पत्रक आखायला दोन दिवस लागतात. तेवढ्यात तो नियोजनाच्या दोन दिवस मागे पडतो, आणि मागे पडलेल्या माणसाला नवं वेळापत्रक लागतंच.

नव्या पत्रकाबरोबर अभ्यास पुन्हा पहिल्या पानापासून. त्याचं राज्यशास्त्राचं पुस्तक, लक्ष्मीकांत, मिटलेलं असताना कडेने बघा: सुरुवातीचा बोटभर भाग मळून काळा, पुढे नवंकोरं. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट झोपेतून उठवून विचारा, तरतुदींसकट सांगेल. १७८४ चा पिट्सचा कायदाही. १८५८ पर्यंत गाडी जोरात असते. १९३५ च्या आसपास नेमकं वेळापत्रक बदलतं. त्याच्या हिशेबात भारत अजून स्वतंत्र व्हायचा आहे.

मध्यंतरी त्याला पोमोडोरो सापडलं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून ही पद्धत बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. इटलीत ठीक असेल. पेठेत पाच मिनिटांत टपरीवरचा चहा हातातसुद्धा पडत नाही, आणि पडला की कट-ऑफचा विषय निघतो. पाचाची पन्नास होतात. ती तो वहीत ‘विश्रांती: ५०’ अशी लाल शाईने नोंदवतो, एवढी दाद त्याला द्यायलाच हवी.

शेजारच्या कॉटवरच्या पोराकडे वेळापत्रक नव्हतं. जेवण झालं की तो रोज जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसायचा, चुकलेल्यावर फुल्या मारत. हायलायटरसुद्धा याचाच मागून घ्यायचा. तो फौजदार होऊन गेला. जाताना पेढे दिले. ते ‘आकस्मिक’मध्ये बसवले.

रोजच्या सरावाने याचाही हात बसलाच की. नवी पोरं याच्याकडून पत्रकं आखून घेतात, ‘सर’ म्हणतात, चहा पाजतात. अभ्यासिकेच्या मालकाने पंख्याखालची जागा फुकट देऊन हजेरीचा, वीजबिलाचा आणि पाण्याच्या जारचा तक्ता याच्यावर सोपवलाय. तक्ते देखणे आहेत. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० गुण. भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला. हा मात्र संध्याकाळीच चौकात जाऊन शीटा घेऊन आला.

“सर, मग मी काय वाचू?” परवा एका नव्या पोराने विचारलं.

“दोन दिवस थांब, आखून देतो,” शीटवर पट्टी ठेवत तो म्हणाला. “तोवर १७७३ पासून सुरू कर.”