मुस्यू एकशेत्र्याऐंशी

माराकेशच्या गेलिझ भागात सकाळी कुठल्याही कॅफेत डोकवा, मुस्यू एकशेत्र्याऐंशी भेटणारच. पेन्शन फ्रान्सची, मुक्काम मोरोक्कोत. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलं की माणूस इथल्या करखात्याचा होतो. म्हणून हे नाव.

भेटताक्षणी ते हिशेब मांडतात. दोन्ही देशांत १९७० साली करार झालाय, त्यामुळे एकाच पेन्शनवर दोनदा कर नाही. वर, परदेशातून आलेली पेन्शन कायमची दिरहममध्ये बदलून टाकली, तर तिच्यावरच्या करात ८० टक्के सूट! ते पैसे पुन्हा युरो होऊन बाहेर जात नाहीत, एवढीच काय ती अट. हे सगळं आपल्या कॉफीत साखर विरघळायच्या आत सांगून होतं.

खिशात डायरी. मोरोक्कोतला दिवस हिरवा, फ्रान्समधला लाल. उन्हाळ्यात माराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मुस्यू नॉर्मंडीला लेकीकडे जातात. "बाबा, अजून आठवडाभर राहा ना," असं ती म्हणाली की आधी डायरी उघडतात आणि मग गहिवरतात.

काटकसर तर विचारू नका. टॅक्सीत बूड टेकायच्या आत "कोंटूर!" म्हणून मीटरकडे बोट. गोल पाव १ दिरहम २० सांतीमला मिळतो, त्याचं कौतुक असं की जणू सरकारी अनुदान यांनीच मंजूर केलंय. १२ किलोचा गॅस सिलिंडर मे २०२४ मध्ये ४० दिरहमवरून ५० वर गेला, तेव्हा "हा देश आता राहण्यासारखा राहिला नाही" असं त्यांनी जाहीर केलं. आणि त्याच संध्याकाळी सुपरमार्केटातून आयात केलेलं कामाँबेर चीज, आयात केलेलं लोणी आणि बोर्दोची बाटली घेऊन आले, किमतीची चिठ्ठी न वाचता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

कोपऱ्यावरचा वाणी हे सारं ऐकून घेतो. इथेच राबून इथेच कमावणाऱ्याला ती ८० टक्के सूट नाही. एकदा मुस्यू त्याला फ्रान्समधला कर कसा जीवघेणा आहे ते ऐकवत होते. पाव कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "माझा मुलगा तिथे कर भरायला एका पायावर तयार आहे, मुस्यू. त्याला व्हिसा तेवढा मिळवून द्या."