खोडदची चाळणी

"ताई, काल सकाळपासून कुलूप! दोन वेळा हाक मारली मी." आमच्या दोघींमधल्या भिंतीवर भाभी पापड वाळत घालत होत्या.

"खोडदला गेलो होतो, नारायणगावजवळ. भाचीने नेलं, एम.एस्सी.वालीने. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती मोठी दुर्बीण लोकांना बघू देतात."

"नारायणगाव? तिथे तर तमाशा!"

"हाही तमाशाच. ३० अँटेना, एकेक ४५ मीटरची. आपली बराक झाकून जाईल एकीखाली."

"झूलेलाल! मग वाऱ्याने उडत नाही?"

मी विचारायला हवं होतं, ते भाभींनी विचारलं.

"पत्रा नाहीच मुळी, तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र एवढ्या लांब, की त्या जाळीतून सुटत नाहीत. पिठाच्या चाळणीत गहू अडकतो ना, तसं. गोविंद स्वरूप म्हणून होते, त्यांनी ही स्वस्तातली युक्ती काढली."

"स्वस्तात? मग माणूस उल्हासनगरचाच!"

"नाही हो. आणि माल अस्सल आहे."

भाभी खळखळून हसल्या, एक पापड मोडला. तो लगेच माझ्या हातात आला.

"पण ती ऐकते काय?"

"मेलेल्या ताऱ्यांचे ठोके. काही तर सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात, अगदी घड्याळासारख्या. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीआरए नावाची संस्था आहे, तिथले भालचंद्र जोशी आणि त्यांची मंडळी हे ठोके मोजत बसतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी उशीर झाला तरी धरतात."

"त्यांना विठ्ठलवाडी स्टेशनवर उभं करा एकदा."

"ऐका तर. युरोपवाल्यांच्या २५ वर्षांच्या नोंदींत यांच्या नोंदी मिसळल्या, आणि २०२३च्या जूनमध्ये सांगितलं, ठोके मागेपुढे होताहेत ते उगाच नाही. अवकाशच ताणलं-आवळलं जात असल्याची चाहूल लागलीय. एक लाट पुरी व्हायला वर्षं लागतात."

"आणि हलवतं कोण?"

"अजस्र कृष्णविवरांच्या जोड्या असाव्यात, असा त्यांचा कयास. एकमेकांभोवती घिरट्या घालत जवळजवळ येतात. शेवटी दोघांचं मिळून एकच उरतं."

भाभींनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला पोट टेकवलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणजे आपल्या समोरच्या दुसऱ्या मजल्यासारखं. काल रात्री काय झालं, कळलं का तुम्हाला?"

तेवढ्यात कावळ्याने पापड उचलला. दोघींपैकी कुणीच त्याला हाकललं नाही.