विकायला काढली का?

रबिंग-पॉलिशवाल्याने गाडीचे साडेआठ हजार सांगितले तेव्हा मी म्हणालो, "एवढ्यात तर मशीन येईल." हे वाक्य मी आजवर जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा मशीन आलेलं आहे. माळ्यावर त्यांचं संमेलन भरलं आहे.

बफिंग मशीन दोन जातींचं. एकाला डीए म्हणतात. त्याची चकती फिरता फिरता जरा घोळते, त्यामुळे पत्रा फार तापत नाही. नवशिक्याने हेच घ्यावं असं सगळे जाणकार सांगतात. दुसरं रोटरी. ते नुसतं गरगरतं, आणि एका जागी रेंगाळलात तर रंग जाळतं. मी रोटरी घेतलं. स्वस्त होतं, खोक्यावर 3000 आरपीएम लिहिलं होतं, आणि 'नवशिक्या' हा शब्द माझ्याबद्दल असेल अशी शंकाही मला आली नाही.

पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं, असा माझा पन्नास वर्षांचा समज. प्रत्यक्षात ते काढणं असतं. रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. ओरखड्याच्या तळापर्यंत तो घासून सपाट केला की प्रकाश विखुरत नाही आणि आपण म्हणतो, काय चमकतेय! हा थर परत उगवत नाही. माझ्या डोक्याचा अनुभव असल्यामुळे हे मला चटकन समजलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब रबिंग कंपाउंड घेतलं. पॅड आधी पत्र्यावर टेकवायचा, मग बटण दाबायचं. हे मला पाठ होतं, बोटाला नव्हतं. थेंब चष्म्यावर, खांबावर आणि शेजारच्या काळ्या गाडीवर गेले. ती अर्थातच चेअरमनांची.

वॉचमन धावत आला. "सर, गाडी विकायला काढली का?"

मला वाटलं होतं लोक विचारतील, नवी घेतली का?

मग टॉर्च मारून पाहिलं तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल जाळी. एका बादलीत चौदा गाड्या उरकणाऱ्या पोऱ्याला मी मनात शिव्या घातल्या, तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "त्याला तर तू दोन वर्षांपूर्वीच बंद केलास. बाबा पुसतात ना रोज."

बाबा बनियनने पुसतात. आता बनियनबद्दल थोडं बोललंच पाहिजे. मराठी घरात बनियन मरत नाही, त्याची बदली होते. भोकं पडली की ते 'घरात घालायचं' होतं, खांदा उसवला की रंगपंचमीसाठी राखीव. पुढे पंख्याची पाती, मग सायकलची चेन, आणि अगदी शेवटी मोरीची जाळी. या सगळ्यात गाडीचं फडकं हे मानाचं पद. बाबा ऑडिटला होते. उमेदवार बनियन ते उजेडाकडे धरतात, ताणून बघतात, शिवण कापून टाकतात, आणि नापास झालं तर शेरा मारून परत पाठवतात: "अजून एक वर्ष अंगात घाल." आमच्या चेतकपासून ही प्रथा चालू आहे. स्कूटर गेली, तिचं फडकं मात्र परवापरवापर्यंत होतं.

तर कोरड्या धुळीवर ते बनियन फिरायचं, आणि धुळीचा प्रत्येक कण ओरखडा काढायचा. गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच. असतात वाटेल तसे, आडवेतिडवे. दिव्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी गाडी गेटच्या खांबाला घासली. मी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. त्यांनी काही न बोलता दिली, किल्लीला लावलेली गणपतीची साखळी तेवढी काढून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सहाला खाली जायला लागले. मी समजत होतो, पाय मोकळे करायला.

चहा गार झाला. मग मी पुन्हा मशीन सुरू केलं, कारण दुसरं काही सुचेना. दोन दोन फुटांचा चौकोन, आधी आडवं मग उभं. बॉनेट खरोखर आरशासारखं झालं. त्यात माझा चेहरा दिसला, तो पाहण्यात मी जरा रेंगाळलो, आणि मशीनही रेंगाळलं. बॉनेटच्या कडेवर, जिथे रंग सगळ्यांत पातळ असतो. रुपयाएवढा पांढुरका डाग पडला.

संध्याकाळी मी बाबांना नवं मायक्रोफायबरचं फडकं दिलं. कोरडी धूळ पुसू नका, हेही सांगितलं, मायक्रॉनसकट.

सकाळी खाली गेलो तर बाबा बनियन घेऊन बॉनेटवर ओणवे.

"ते नवं फडकं कुठाय?"

"किती मऊ आहे रे! कपाटात ठेवलंय. चष्म्याला होईल." मग कडेवर तोंड नेऊन त्यांनी "हाऽऽ" केलं आणि खसाखसा घासलं. "हा एक डाग कसला रे? निघतच नाही."

"निघेल बाबा," मी म्हणालो, "हळूहळू."