परराज्यात बिऱ्हाड हलवण्याची शास्त्रोक्त पद्धत

महागाईने बेजार झालेल्या कुटुंबाने स्वस्त राज्यात जाऊन राहावे, हा सल्ला हल्ली सुशिक्षितांत फार चालतो. घरभाडे, शाळा, दवाखाना, कामाचे अंतर असा तक्ता मांडायचा, आकडे भरायचे आणि बेरीज जिथे कमी येईल तिथे सामान पाठवायचे. या शास्त्रात जालना जिल्हा कित्येक वर्षे पुढे आहे, याची दखल मात्र कोणी घेतलेली नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन या तालुक्यांतली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात; कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या गटासाठी आहे. त्याचा सिद्धांत सुरुवातीलाच सांगून टाकावा: परराज्यातला हा मुक्काम स्वस्त पडतो, कारण त्याचा खर्च हिशेबात धरायचाच नाही असे बाकी सगळ्यांनी ठरवलेले आहे.

पहिली पायरी भांडवलाची. इतरांना बिऱ्हाड हलवायला पैसे साठवावे लागतात. इथे ते आधीच हातात पडतात. पावसाळ्यात मजूर जमवणारा मुकादम दारात येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. तारण नको, जामीनदार नको, बँकेच्या साहेबापुढे हात जोडणे नको. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला फारसा भाव नाही. तेव्हा इच्छुकाने आधी लग्न उरकून घ्यावे. मुलीचे वय कायद्यात बसते का, हा रकाना मुकादमाच्या वहीत नसतो. आता परतफेड. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. कर्नाटकातला दर वेगळा असला तरी हिशेबाला हाच धरू. लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस लागतो. जोडप्याने रोज दोन टन तोडला, म्हणजे तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडीत भरला, तरी १३७ दिवस होतात. त्यात एक दिवस ताप नाही, एक दिवस पाळीचा त्रास नाही, एक दिवस अवकाळी पाऊस नाही. २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्रातले गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि बरेच कारखाने मार्चमध्ये थांबले, म्हणजे हंगाम फार तर चार महिन्यांचा. शिवाय या चार महिन्यांत जेवायचेही असते, आणि त्यासाठी मिळणारी खर्चीही उचलीतच चढते. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बाकी निघते ती अशी. ती पुढच्या वर्षावर ढकलली जाते. परत येण्याचे आमंत्रण इतके पक्के दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळत नाही.

दुसरी पायरी घराची. भाडे शून्य. फडाच्या कडेला किंवा कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात बांबू वाकवून वर चटई नाहीतर ताडपत्री टाकली की कोपी उभी राहते. आत वाकून शिरायचे. एका बाजूला तीन दगडांची चूल आणि पिठाचा डबा, दुसऱ्या बाजूला गोधड्यांची वळकटी, उरलेल्या जागेत चार-पाच जण झोपतात. दाराला कडी नाही, कारण दारच नाही. नळ, वीज आणि संडास नसल्यामुळे त्यांची बिले येत नाहीत. पाणी ज्याची विहीर त्याच्या मर्जीने, आणि बाईची आंघोळ उजाडायच्या आत. कामाच्या वेळा लवचिक असतात: ट्रक रात्री अकराला आला तर तो रात्री अकरालाच भरायचा. ट्रकला फळी लावलेली असते, आणि दिवसभर तोडणी केलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन त्या डुगडुगत्या फळीवरून चढते, रिकामी उतरते, पुन्हा चढते. या पायरीत एक बचत मात्र अस्सल आहे. गावाकडे चारा विकत घ्यावा लागतो. इथे बैल वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, पोसले जातात आणि उरलेली वाढी विकून मीठ-मिरची भागते. कुटुंबात खरोखर स्वस्त राज्यात येतो तो बैल.

तिसरी पायरी मुलांची आणि प्रकृतीची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. स्थलांतरितांच्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही निघाले. ते दाखवून मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. मंठ्याच्या तिसरीतल्या मुलाने दुसरे सत्र जमखंडीत कन्नड फळ्यासमोर काढावे, असा त्याचा तर्कशुद्ध शेवट. प्रत्यक्षात ते फडातच बसते, कारण धाकट्याच्या झोळीला झोका द्यायला कोणीतरी लागते. मुलाला आजीकडे ठेवता येते; वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला आईबापांचे मन धजत नाही, म्हणून शाळा आधी तिची सुटते. प्रकृतीचे म्हणाल तर खाडा पडला की दंड असतो, त्यामुळे आजारपण परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ मध्ये जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींमागे एक. तक्त्यात या रकान्याला काय मथळा द्यावा, हे कोणत्याही सल्लागाराने अजून सांगितलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: सरकार काहीच करत नाही, असे थोडेच आहे? अजिबात नाही. कायद्यांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना, कामगाराला पासबुक आणि गाव सोडल्याबद्दल स्थलांतर भत्ता असे सगळे लिहून ठेवले: महिन्याच्या मजुरीचा निम्मा हिस्सा किंवा ७५ रुपये, यांतली जास्त असेल ती रक्कम, आणि ती परत मागायची नाही. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला. फडात मात्र भत्त्याची जागा उचलीने घेतली, आणि उचल पै न् पै परत करायची असते. रेशनचेही तसेच. १ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्राचे कार्ड कर्नाटकातल्या दुकानात चालते. फक्त दुकान उघडे असते त्या वेळी कार्डधारक फडात असतो. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी त्यासाठी द्यायचे ठरले आहे. पण अथणीच्या रानात तोडलेल्या टनाचे १० रुपये कोणी द्यायचे? बेळगावच्या जमिनीवर दोन्ही राज्यांचा दावा आहे आणि तो वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच जमिनीवर वाकलेल्या कोयत्यावर कोणाही राज्याने दावा केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक राजीखुशीने जातात, त्यांना कोणी बांधून नेत नाही. आणि जायचे नसेल तर जालन्यात काय कमी आहे? सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांचे उद्योग आहेत, आणि तिथे राबायला बिहार-उत्तर प्रदेशातून माणसे येतात. म्हणजे जालना हे कोणाचे तरी परराज्य आहेच. मग मंठ्याचा माणूस जालन्याच्या एमआयडीसीत का जात नाही? कारण कारखाना महिना भरल्यावर पगार देतो, आणि तोही एकट्याला. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाल्याला पेरणी, लग्न, दवाखाना यांसाठी रक्कम एकदम लागते, आणि ती एकदम देणारा पंचक्रोशीत एकटा मुकादम असतो. राजीखुशीचा अर्थ एवढाच. रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्राने १९७७ मध्येच, साऱ्या देशाच्या आधी केला. २०२५-२६ साठी हमीच्या कामाचा रोज ३१२ रुपये ठरला. जोडप्याचे ६२४ झाले. फडात रोज दोन टनांचे ७३२. फरक १०८ रुपयांचा. घर, शाळा, दवाखाना आणि रात्रीची झोप या सगळ्यांची जोडप्यामागे रोजची किंमत ही एवढी. हमीचे काम वेळेवर निघत नाही, मजुरी उशिरा पडते आणि उचल मिळत नाही, हे खरेच. पण त्यावरून सिद्ध होते ते इतकेच, की १०८ रुपयांपेक्षा वेळेवर हातात येणाऱ्या पैशाची गरज मोठी आहे, आणि ती गरज भागवणे सरकारला किंवा बँकेला अशक्य नाही.

तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो: हा सगळा खर्च कारखान्यावर टाकला तर साखर महागेल. जरूर महागेल, आणि किती तेही मांडता येते. साखरेचा उतारा दहा टक्के धरला तर टनभर उसातून शंभर किलो साखर निघते. टनामागे आणखी शंभर रुपये कोपी, शाळा, दवाखाना आणि आजारपणाची भरपगारी सुट्टी यांवर घातले, तर किलोला एक रुपया वाढतो. जालन्याच्या कुटुंबाला परराज्य स्वस्त करून देण्याची सगळी यंत्रणा हा एक रुपया वाचवण्यासाठी चालू आहे. तो द्यायचा ठरला, मुकादमाऐवजी कारखाना मालक म्हणून नोंदला गेला आणि बाईची मजुरी तिच्या खात्यात वेगळी पडू लागली, तर या मार्गदर्शनाची गरज उरणार नाही. तोवर इच्छुकांनी प्रवासात आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांची शिक्षण हमी पत्रके आणि दोन धारदार कोयते जवळ ठेवावेत. पहिल्या तीन वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळाव्यात, म्हणजे परत येईपर्यंत कोऱ्या राहतील.