साडेसहा गुणांचा पुतण्या

वर्ध्यात घोडा दिसतो तो लग्नसराईत. वर नवरदेव असतो, लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि डीजेच्या दणक्याने नवरदेव आणि घोडा दोघेही सारखेच बिथरलेले असतात. अशा गावात बसून ड्रेसाज नावाच्या खेळावर कोणी लिहावं याला तसं काही कारण नाही. पण वर्ध्यातल्या बऱ्याच घरांची एक फांदी पुण्या-मुंबईकडे गेलेली आहे, आणि त्या फांदीला अलीकडे हा पुतण्या लागू लागला आहे.

वय सतरा-अठरा. या खेळात सोळा ते एकवीस वयाच्या मुलांना ‘यंग रायडर’ म्हणतात, आणि हे तो आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. महालक्ष्मीच्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबात नाहीतर पुण्याकडच्या एखाद्या पागेत त्याची रपेट चालते. तिथे मोतद्दार घोड्याला खरारा करून, जीन कसून, उभा करून ठेवतो. हा येतो, रिकिबीत पाय घालतो, तासाभराने उतरतो आणि लगाम त्याच मोतद्दाराच्या हातात देऊन मोबाइल काढतो. उन्हाळ्यात महिनाभर जर्मनीला ‘स्टडी टूर’. अभ्यास दौरा म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर नगरसेवक येतात, त्यामुळे घरच्या मोठ्यांनी सुरुवातीला या दौऱ्याकडे त्याच नजरेने पाहिलं तर नवल नाही.

दौऱ्याहून परतलेला पुतण्या पोळ्याच्या सुमारास वर्ध्याला येतो. येताना चॉकलेटं आणतो, जाताना गोरसपाक नेतो. इथवर तो चारचौघांसारखाच. फरक पडतो तो त्याने तोंड उघडल्यावर. मैदान साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद. कडेने इंग्रजी अक्षरं लावलेली, पण ती ए, बी, सी अशी नाहीत. ए नंतर के, मग व्ही, मग ई. असं का, हे अजून कोणी धडपणे सांगितलेलं नाही, पण पाठ मात्र करावं लागतं. स्वाराने टेलकोट आणि पांढरे हातमोजे घालून घोडा तिरका चालवायचा, गोल फिरवायचा, जागच्या जागी दुडकवायचा, आणि हे सगळं करताना आपण काहीच करत नाही असं दिसायला हवं. मांड, टाच आणि बोटांतला लगाम, एवढ्यावरच घोड्याला कळलं पाहिजे. आवाज बिलकुल नाही. जिभेने चकचक केलं तरी गुण कापतात. (हा नियम मैदानाबाहेर स्वाराला लागू नाही, हे आमचं दुर्दैव.)

“घोड्याशी बोलाचं नाही?” त्याचे आजोबा, आबाजी, विचारतात. त्यांचं सगळं आयुष्य बैलांशी बोलण्यात गेलं आहे. माणसांशी त्यामानाने कमीच. “मंग त्याले समजन कसं?”

पुतण्या ‘सीट’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘कलेक्शन’ असे शब्द टाकतो. शेवटचा शब्द आबाजींना बँकेचा वाटतो.

पण त्याची खरी खोड गुण देण्याची. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात, आणि त्यांची टक्केवारी काढतात. सहा म्हणजे समाधानकारक, सात म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, आठ म्हणजे चांगलं. दहा फार क्वचित कोणाला मिळतात. सगळे मिळून सत्तर टक्के पडले तर स्वार त्या दिवशी खुशीत असतो. हा हिशेब डोक्यात घेऊन पुतण्या जेवायला बसतो. मोठ्या आईने भरली वांगी केलेली असतात, आणि तो मनापासून दाद देतो, “मोठी आई, सात!”

“दहापैकी?”

“हो!”

“मंग तीन कुठी गेले?”

ते तीन गुण शोधण्यात दुपार जाते. सात हा मोठा मान आहे हे समजावताना तो उदाहरण म्हणून आजीच्या वरणाला साडेसहा देतो आणि प्रकरण आणखी चिघळतं. आल्यापासून त्याने वर्ध्याच्या रेल्वे स्टेशनला सहा, सेवाग्रामच्या आश्रमाला साडेआठ आणि काकांच्या मोटारसायकल चालवण्याला चार गुण दिलेले असतात. काका तेव्हापासून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. चार म्हणजे अपुरं, हे त्यांनी नंतर कुठून तरी शोधून काढलं.

पोळ्याच्या दिवशी तर त्याला चेवच येतो. आमच्या जिल्ह्याचा स्वतःचा बैल आहे, गवळाऊ. पांढरा, हलक्या अंगाचा, पळायला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला त्याच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. झुली, बाशिंगं, बेगड, घुंगरमाळा लेवून जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, लांबत जातात आणि बैल ताटकळतात. अशात आबाजींच्या जोडीतला एक बैल मान वाकवून जागच्या जागी एकेक पाय उचलू लागतो, तालात, घुंगरांसकट.

“आबाजी, पियाफ!” पुतण्या ओरडतो. जागच्या जागी दुडकण्याला ड्रेसाजमध्ये पियाफ म्हणतात आणि त्यासाठी घोड्याची वर्षानुवर्षं तयारी करून घेतात. “बघा, शिकवल्याशिवाय पियाफ करतोय!”

“माशा चावून राहिल्या त्याले,” गडी म्हणतो, आणि उपरण्याने माशा हाकलतो. पियाफ तिथेच संपतो.

त्याची चेष्टा करायला सोपं आहे, आणि आमच्याकडे ती तोंड भरून होते. पण 2023 साली पोळा 14 सप्टेंबरला झाला आणि 26 सप्टेंबरला हांगझोच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने चीनला मागे टाकून सुवर्ण घेतलं. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला. त्यातला छेडा मुंबईचा. घोडेस्वारीतलं आपलं आधीचं आशियाई सुवर्ण 1982च्या दिल्लीचं, म्हणजे मधे 41 वर्षं गेली. ही चौघंही युरोपात राहून शिकलेली. यात हौसेचा भाग थोडा आणि नाइलाज जास्त. रोगमुक्तीच्या नियमांमुळे भारतातला घोडा स्पर्धेसाठी तिकडे नेणं फार अवघड होतं, म्हणून घोडा तिथलाच घ्यायचा आणि आपणच त्याच्याकडे जाऊन राहायचं. 2025 साली मीरतच्या लष्करी केंद्रातल्या घोड्यांच्या रोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे हा दरवाजा किलकिला झाला. घोड्याला पासपोर्ट असतो हे ऐकून मोठी आई थक्क होते. तिचा स्वतःचा अजून निघायचा आहे.

आता जर्मनीतल्या अभ्यासाचं. पुतण्याच्या आईने नातेवाइकांना फोटो पाठवलेले असतात त्यांत पांढरी पँट, चकचकीत बूट आणि मागे हिरवं कुरण असतं. फोटोत नसतं ते असं : पहाटे उठायचं, घोड्याच्या खोलीतली लीद दाताळ्याने उचलायची, ओला पेंढा बाजूला काढायचा, कोरडा राहू द्यायचा, खूर कोरायचे, खरारा करायचा, कातडी सामान पुसायचं, बोळ झाडायचा. मग कुठे घोड्यावर बसायचं, तेही पहिले काही दिवस लांब दोरीवर गोल गोल, रिकिबीशिवाय. तिथे मोतद्दार नसतो. म्हणजे इकडे पाण्याचा पेला जागेवर मिळणारा मुलगा लाखो रुपये भरून तिकडे लीद काढायला जातो. आई हे कोणाला सांगत नाही. बाबा तर अजिबातच नाही.

ते उघड होतं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तान्ह्या पोळ्याची गडबड असते, लहान मुलं लाकडी बैल पुसत बसलेली असतात, गडी आदल्या रात्रीच्या जागरणाने उशिरा येतो. येऊन बघतो तर गोठा लख्ख. शेण घमेल्याने खताच्या खड्ड्यात, गव्हाणीतलं उरलेलं कुटार वेगळं, बैलांच्या पाठी घासलेल्या. पुतण्या एका बैलाचा खूर मांडीवर घेऊन त्यातला खडा काढत असतो. एक शब्द बोलत नाही. त्या घडीला तो खरोखरच काही करत नाही असं दिसत होतं, आणि बैल शांत उभा होता.

“भाऊ, तुम्ही रोज येत जा,” गडी म्हणतो.

आबाजी दाराशी येऊन बराच वेळ पाहतात. मग घरात जाऊन म्हणतात, “एवढे पैसे भरून पोट्टा शेण काढाले शिकून आला.” सुनेचा चेहरा पडतो. “इथं शिकवलं असतं तर शिकला नसता,” ते पुढे म्हणतात, आणि चहा मागतात. यंदाच्या दौऱ्याला त्यांच्याकडून साडेआठ गुण मिळाले असं मी समजतो. त्यांनी आकडा सांगितलेला नाही.

तेव्हा असा पुतण्या तुमच्याकडे यायचा असेल तर त्याला पाहुण्यासारखं दिवाणखान्यात बसवू नका. तिथे तो बोलतो. घमेलं, फावडं आणि खराटा कुठे आहे ते रात्रीच दाखवून ठेवा. आणि जेवताना भाजी कशी झाली, हे कृपा करून विचारू नका.