गाव हवं, भावकी नको!

शेण! शेणच म्हणतेय मी, तुमच्या ऐकण्यात काही चूक नाही. आमच्या सोसायटीतल्या बी विंगमधल्या सूनबाई, ज्यांच्याकडे फरशीला एक, भांड्यांना दुसरी आणि पोळ्यांना तिसरी बाई येते, त्या गेल्या शनिवारी मुळशीकडच्या कुठल्याशा शेतावर गेल्या आणि बसकण मारून ओसरी सारवून आल्या. स्वतःच्या हातांनी! आणि पैसे कोणी दिले? त्यांनीच. सारवणाऱ्या बाईला मजुरी द्यावी लागते हे ऐकून होते. सारवणाऱ्या बाईनेच मजुरी मोजायची, हे कलियुगातही बसत नाही हो. वर फोटो. मनगटापर्यंत शेण, नखांना ताजं जांभळं पॉलिश, खाली ओळखीपाळखीच्यांचे बदामच बदाम. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो न्याहाळला आणि एवढंच म्हणाल्या, "हात उलटा फिरवलाय. पोपडे धरणार." त्यांचं अर्धं आयुष्य सारवण्यात गेलेलं, उरलेलं अर्धं, घरात पुन्हा कोणाला सारवावं लागू नये म्हणून मुलाला इंजिनिअर करण्यात.

तर साथ आलेली आहे. मुळशी, वेल्हे, भोर, वाई, कर्जत, मुरबाड, दापोली. पुण्या-मुंबईची गाडी शुक्रवारी रात्री निघून जिथे म्हणून पोचते, तिथे बांधावर पाटी लागलीच समजा. 'फार्मस्टे'. राहायचं ते 'केबिन'मध्ये. झोपडी म्हणालात तर मालकालाही राग येतो आणि पाहुण्यालाही. खोल्यांना नंबर नसतात, 'पारिजात', 'मृद्गंध', 'ओंजळ' अशी नावं असतात. त्यामुळे "ओंजळमधला गीझर चालत नाहीये" असलं काहीबाही ऐकावं लागतं.

आणि भिंती म्हणे कुडाच्याच हव्यात. कुड म्हणजे काय, ते मावळातल्या कुठल्याही आजीला विचारा. सह्याद्रीत कारवी वाढते, साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि बी धरून मरते. त्या वाळक्या काठ्या ओळीने उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचा लेप. दगडविटा ज्याला परवडत नाहीत त्याचं हे घर. सरकारदरबारी याला 'कच्चं घर' म्हणतात आणि यातून माणसाला बाहेर काढायला सरकार पैसे देतं! प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घरकुलाला सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. ग्रामसेवकाच्या मागे फिरून, यादीत नाव लागायची वाट बघून, हप्त्याहप्त्याने विटा आणून माणसं ज्या कुडातून बाहेर पडली, त्याच कुडात शिरायला आमच्या बी विंगने एका रात्रीचे सहा हजार मोजले. नाश्ता धरून.

बरं, खरा कुड तरी असावा! पुष्कळ ठिकाणी आत सिमेंटचे ब्लॉक असतात, मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका. ब्लॉकवर मातकट गिलावा, त्यात मुद्दाम दिसेल असा भुसा. कौलांखाली एसी. मोरीत कमोड. पण नाक मुरडू नका, ही मोठ्या घराण्यांतून आलेली रीत आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत, तिने 1783 मध्ये व्हर्सायच्या बागेत अख्खं खेडं बांधायला घेतलं. तळं, गिरणी, दुधाची खोली, खरोखरच्या गाई. नव्या भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांवर तडे रंगवून घेतले, आणि राणीच्या त्या खेडवळ घराला जोडून बिलियर्डची खोली! तिचं पुढे काय झालं ते शाळेत शिकलोय आपण. आपल्याकडे बिलियर्ड नसतं, कॅरम असतो; तेवढंच पाप कमी.

आमच्याकडे या सगळ्याची वाट पाडली ती बारामतीकडच्यांनी. पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या आसपास शेतकऱ्याने शेतावरच पाहुणे ठेवावेत अशी कल्पना रुजवली, पुढे शेकडो शेतकरी त्यात आले, 16 मे हा कृषी पर्यटन दिन ठरला आणि 2020 मध्ये राज्य सरकारने धोरणही काढलं. विचार सरळ होता: कांद्याचा भाव पडला तर पाहुण्याचा तरी आधार. पण चांगल्या धंद्याच्या मागे नकलाकार येणारच. इटलीने 1985 मध्येच कायदा करून ठेवलाय, मुख्य शेती, पाहुणे तिच्या जोडीला. आमच्याकडे एका ठिकाणी तीन पपया, एक बुजगावणं आणि शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणलेली म्हैस. सोमवारी सकाळी म्हैस टेंपोत चढताना पाहिली हो कोणीतरी!

जिथे खरी शेती आहे तिथे मात्र गंमत निराळी. सकाळी आठला जीवामृताचं प्रात्यक्षिक. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतली ही कृती: 200 लिटर पाण्यात देशी गाईचं 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ढवळून सावलीत ठेवायचं, एका एकराला पुरतं. गूळ-बेसन कशाला, तर मातीतल्या जिवाणूंना खाऊ. साहेब मंडळी घरी चहात साखर घेत नाहीत, इथे मात्र पिंपात दोन किलो गूळ सोडताना चेहरे असे की सत्यनारायणाचा प्रसाद करतायत. एकाने ढवळता ढवळता विचारलं म्हणे, "यात ग्लुटेन नसतं ना?" शेतकरी शांतपणे म्हणाला, "गांडुळांची अजून तक्रार नाही आली." त्या शेतातल्या वांग्याचं भरीत मी खाल्लंय, त्यामुळे जीवामृताबद्दल माझ्याकडून वाकडा शब्द निघणार नाही.

हुरड्याचं तर विचारूच नका. जानेवारीत शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला जाऊन बघा. मोर पहाटेच येऊन जातात, पाहुणे अकराला उठून "मोर कुठायत?" म्हणून मालकाला धारेवर धरतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरमागरम असतानाच चोळायची, पाखडायची, वर लसणाची चटणी, दही, गूळ. दाणा कोवळा पण भरलेला असतो ते मोजकेच दिवस. जरा पुढे गेला की ती ज्वारी. त्यासाठी गूळभेंडी, सुरती अशी वाणं शेतकरी वेगळी राखतो, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले मधुर' नावाचं खास हुरड्याचं वाण काढलंय. एवढी सगळी तपश्चर्या, आणि जुलैत फोन येतो, "रविवारी हुरडा आहे ना?" नाही म्हटलं की खाली एकच तारा.

रात्रीचा किस्सा ऐका. पाहुणे आलेले असतात शांततेसाठी. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीचा आठवडा असला की मध्यरात्री पंप घरघरतो आणि मालक बॅटरी घेऊन उसात दारं धरायला निघतो. सकाळी तक्रार, मोटरीच्या आवाजाने झोप झाली नाही. त्याला रात्रभर झोप नाही, हे त्याच्या तक्रारवहीत लिहायचं राहून जातं. जुन्नरकडे तर त्याच उसात बिबटे. पाहुण्यांची पोरं विचारतात, "काका, लेपर्ड दिसेल का नक्की?" काकांनी आताच देवाला हात जोडलेले असतात, न दिसावा म्हणून.

पण माझा जीव अडकलाय तो मालकीणबाईंपाशी. वर्षानुवर्षं धूर खाऊन, खोकून, हट्टाने त्यांनी गॅसची शेगडी घेतली होती, ओटा बांधून घेतला होता. 2016 नंतर तर उज्ज्वलाचे सिलिंडर आळीत घरोघर आले, चूल मागल्या अंगणात आंघोळीच्या पाण्यापुरती उरली. आणि मग आमची मंडळी पोचली. "चुलीवरचंच हवं हं!" बाई परत धुरात. शेगडीवर पोतं झाकून ठेवतात. एकदा एका पाहुणीला ती दिसली तर फसवल्यासारखं तोंड केलं तिने. पिठलं, ठेचा, चाळीस-पन्नास भाकऱ्या, आणि भोवती मोबाइल धरून दहाजण, "मावशी, किती सहज थापता हो!" मग थापून बघायची हौस. तिघीचौघी मिळून पाच भाकऱ्यांचे नकाशे करतात, गोठ्यातला कुत्रा त्यावर गुबगुबीत झालाय. यंदा मात्र मावशींनी पाटी लावली: भाकरी थापून बघणे, माणशी 200 रुपये. हाय हाय, काय हा व्यापार! आणि आतली बातमी अशी की ते पैसे जातात त्यांच्या बचत गटाच्या खात्यात. मालकांना पत्ता नाही. त्यांचा आकडा मला ठाऊक आहे, पण मी फोडणार नाही. सांगितलं तर उद्या मालक स्वतःच भाकरी थापायला बसतील.

आता जरा जवळ या, खरी भानगड पुढेच आहे.

आमचे धाकटे दीर. साताऱ्याकडचे आम्ही. गावात वाडा आहे, ओढ्याकाठी जमीन आहे, विहिरीत तिसरा हिस्सा आहे, आणि सातबाऱ्यावर नावं इतकी की उतारा एका कागदात मावत नाही. आणि हे महाशय बायकापोरांना घेऊन दरमहा वाईला, दुसऱ्याच्या ओसरीवर, दुसऱ्याच्या म्हशीपाशी फोटो काढून येतात. मी म्हटलं, "भाऊजी, आपलं गाव तिथून तासाभरावर. आपली ओसरी टोचते का?" तर म्हणाले, "वहिनी, आपल्या गावात चहाच्या आधी बांध येतो."

आणि खरंच येतो. पायातली चप्पल काढायच्या आत कोणीतरी चुलते येतात, बांध कुठवर कोरला ते सांगतात. वारसनोंदीला सही राहिलीय. जत्रेची वर्गणी राहिलीय. विहिरीचा गाळ काढला, त्याचा खर्च कोणी द्यायचा? काकू विचारणार, थोरलीचं अजून कुठे जमलं नाही का? विकतच्या गावात यातलं काही नाही. मालक फक्त विचारतो, रात्री तिखट कमी करू का. ओसरीवर आजोबा बसलेले असतात, अडकित्त्याने सुपारी कातरत, मिशा वगैरे अगदी चित्रातल्या. पण ते आपले नसतात, त्यांच्या मोतीबिंदूचा खर्च आपल्याला विभागून यायचा नसतो. शेत आहे, पण हिस्सा नाही. विहीर आहे, पण पाळी नाही. अहो, पाच-सहा हजारांत भावकीशिवाय गाव मिळतंय, महाग कसं म्हणायचं?

त्यात मौज अशी, की त्या वाईच्या मालकाचीही भावकी आहेच. पाहुण्यांपासून झाकून ठेवलेली. कुंपणापलीकडे सख्ख्या चुलतभावाने स्वतःच्या केबिन काढल्यात, पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अस्सल'. मग यांनी आपल्या पाटीवर 'मूळ' रंगवून घेतलं. वाटेच्या वहिवाटीवरून दोघांचं तहसीलदारांकडे चालू आहे, एकमेकांच्या दारची सुपारी बंद आहे, आणि मधल्या करंजाखाली आमचे भाऊजी झोपाळ्यावर पडून म्हणतात, काय एकोपा असतो नाही खेड्यात!

आणि आता ताजी, काल संध्याकाळची. आमच्या गावातल्या वाड्यात, हो, आमच्याच, धाकट्या चुलतदिराने फार्मस्टे काढलाय. पडवी सारवली, जातं पुसून दर्शनी ठेवलं, माळ्यावरचा पाळणा उतरवून त्यात झेंडू भरले. सासरे जिथे जन्मले त्या बाळंतिणीच्या खोलीचं नाव 'अंगाई' ठेवलंय आणि तिचे हजार रुपये जास्त. भाऊजींनी फोटो पाहिले मात्र, अंगाचा तिळपापड! लगेच फोन. वाडा सामायिक आहे, माझा हिस्सा आहे, मला न विचारता केलंस कसं? पलीकडून आवाज अगदी लोण्यासारखा: "हिस्सा आहेच की दादा, कोण नाही म्हणतंय. कधी येताय? भावकीला दहा टक्के सूट ठेवलीय. फक्त निम्मे आधी लागतात, तेवढे जीपे करून ठेवा."

भाऊजी म्हणे तासभर घरात येरझारा घालत होते, वकिलाचा नंबर काढत होते. जावबाईंनीच मला हळूच सांगितलं, शेवटी पैसे पाठवले. आंब्याच्या दिवसांतलं काही मिळालं नाही, सगळं भरलेलं आहे. हुरड्याच्या वेळचं मिळालंय, 'अंगाई'तलं.